विजूने फक्त वाईट दिवस पाहिले

माझ्या तोंडात केस उगवतात. आतून, उजव्या गालाला. हसू आलं तर खुशाल हसा, आमच्या घरीही हसतात. कॅन्सर झालेला गाल काढला तेव्हा जबड्याच्या हाडाचा तुकडाही गेला, आणि ते भगदाड बुजवायला डॉक्टरांनी माझ्याच छातीचं मांस कातडीसकट उचलून तिथे बसवलं. मुक्काम बदलला हे त्या कातडीला कुणी सांगितलं नाही. रेडिएशनने बरेचसे केस गेले, तरी चार-दोन हट्टी निघालेच. मधूनमधून मंगला, म्हणजे माझी बायको, मला खिडकीपाशी बसवते आणि छोट्या कात्रीने ते कापते. लग्नात भटजींनी हे काम सांगितलं नव्हतं, असं ती म्हणते.

ज्यांच्या घरात हा रोग नुकताच शिरला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण लिहिताना डोळ्यांपुढे एकच माणूस येतो, माझा साळा विजू, मंगलाचा धाकटा भाऊ. कुहीजवळच्या गावात धानाची शेती करायचा. माझ्यानंतर त्यालाही हाच रोग झाला. दोघांचं इस्पितळ एक, डॉक्टर एक. मी आहे आणि तो नाही.

कळलं तो दिवस

मी सरकारी कचेरीत कारकून, राहायला नागपूरच्या प्रताप नगरात. खर्रा कॉलेजपासून. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून हातावर घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. एकाने पुडी काढली की दुसऱ्याला दिल्याशिवाय खात नाहीत. नाही म्हटलं तर माणूस गर्विष्ठ ठरतो. आमच्या ऑफिसात साहेब आणि चपराशी एका पुडीतून खायचे, दुसरी कुठलीही समता आमच्याकडे नव्हती.

आधी गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खाता येईना. तोंड तेवढं उघडेचना, पुरी बाहेरच फुटायची. मग तिखट झोंबायला लागलं. मग गालात एक छाला, म्हणजे फोड, आला तो जाईना. दुखत नव्हता म्हणून मी बेफिकीर होतो. दाताच्या डॉक्टरने आत बघितलं आणि हातमोजे काढत म्हणाला की इथे वेळ घालवू नका, कॅन्सरच्या दवाखान्यात जा.

तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. खर्रा खाता का, असं विचारलं. मी थोडा म्हणालो. मंगला म्हणाली, थोडा नाही, दिवसभर. तुकडा तपासायला गेला, उत्तर आलं. बाईंनी सांगितलं की कॅन्सर आहे, पण पसरलेला नाही, ऑपरेशन करू, बरे व्हाल. मी 'बरे व्हाल' तेवढंच ऐकलं. ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, हे विचारलंसुद्धा नाही. गळू कापतात तसं काहीतरी असेल, अशी माझी समजूत. जिना उतरताना मंगलाने माझा हात धरला, आणि तेव्हा मात्र मी कठडा धरून पायरीवर बसलो. अजून तो जिना मला आवडत नाही.

बाकावर शिकलेलं

तपासण्यांच्या दिवसांत बाकावर बसून बसून मी जे शिकलो ते शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. कॅन्सर हा एकच रोग आहे असं मी समजत होतो. तो रोगांचा गोतावळा आहे. आमच्या भागातल्या पुरुषांच्या रांगेत बहुतेक तोंडवाले, गळ्यावर रुमाल बांधून बसलेले. काही अन्ननळीचे, काही फुप्फुसाचे. बायकांच्या रांगेत छातीची गाठ, नाहीतर गर्भपिशवीच्या तोंडाचा. सावनेरकडची एक बाई मंगलाशेजारी बसायची. छातीतली गाठ तिने वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. दुखत नव्हती, आणि असल्या जागेचं सासऱ्यासमोर कसं बोलायचं, असं तिचं म्हणणं.

बहुतेकांची कहाणी तीच, दुखत नव्हतं. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. न भरणारा छाला, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, छातीत किंवा मानेत गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, घास अडकणं. यातलं काही असलं तर दुखायची वाट बघू नका.

आणि लांबून येणाऱ्यांचे हाल मी बघितले आहेत. मला प्रताप नगरातून ऑटो मिळायचा. गडचिरोलीकडची, बालाघाटकडची माणसं अंथरूण-पांघरूण घेऊन आवारातच राहायची. सरकारी योजनेत उपचार होतात, माझेही झाले. पण योजना दवाखान्याच्या दारापासून सुरू होते. त्या दारापर्यंत यायचं, घरचं सोडून महिनोन्महिने तिथे राहायचं, ते ज्याचं त्याने बघायचं.

विजू

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विजू पिशवी घेऊन आला. उन्हाळ्यात शेत रिकामं असतं. मंगलाची नोकरी, मुलीची परीक्षा, म्हणून माझ्याजवळ तो राहणार होता. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. त्याच्या गावी गेलो की तो मला पाट मांडायचा, हातावर पाणी घालायचा, आणि माझं झाल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. आता तोच जावई नाकात नळी घालून पडलेला त्याने बघितला.

शुद्धीवर आलो तेव्हा आवाज नव्हता. श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं होतं. विजूने पाटी आणली, मी त्यावर लिहायचो. नाकातल्या नळीतून तो मोठ्या पिचकारीने दूध, वरणाचं पाणी सोडायचा. सोडण्याआधी स्वतः चाखून बघायचा आणि मला चव सांगायचा. "आज ताईनं मीठ जास्त टाकलं, भाऊजी. तुमचं बरं आहे, तुम्हाले समजत नाही." मी नाकाने हसायचो. तोंडाने येत नव्हतं.

हात धुवायच्या आरशावर त्याने आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकून ठेवला होता. मला वाटलं वाळत घातला असेल. नंतर समजलं की मी चेहरा पाहू नये म्हणून. माझा नवा चेहरा माझ्याआधी, मंगलाच्याही आधी, त्याने पाहिला.

मग मानेचा टाका उसवला आणि तिथून लाळ बाहेर यायला लागली. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग. तो काळ मला अर्धवटच आठवतो, गुंगीत होतो. एवढं आठवतं की ड्रेसिंग झाल्यावर एकदा मी पाटीवर लिहिलं, 'मला मरू दे.' विजूने वाचलं. तळहाताने पुसलं, आणि पंख्याचा वेग वाढवू का म्हणून विचारलं.

त्याच्या तोंडाला खर्ऱ्याचा वास यायचा. कॅन्सरच्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर सगळ्यात जास्त गिऱ्हाईक पेशंटच्या नातेवाइकांचं, हे खोटं वाटेल पण खरं आहे. मी चिडून लिहिलं, 'काहून खातोस?' त्याने वाचलं.

"तुमच्याकडे पाहून जीव घाबरते, भाऊजी. म्हणून खातो."

मी पाटी पालथी ठेवली.

रोवणा

पुढे रेडिएशन. चेहऱ्यावर जाळीचा साचा घट्ट बसवून टेबलाला आवळतात. ते दुखत नाही, पण आठवडे गेले की तोंड आतून भाजून निघतं. थुंकी गिळणं म्हणजे काच गिळणं. वजन उतरलं, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. मी मंगलावर पाटी फेकून मारली, ती लागली नाही एवढंच. मुलगी माझ्या खोलीत यायचं टाळायला लागली. विजू रोज मला नेत होता, आणत होता, रस्त्यात ओकलो तर दुपट्ट्याने पुसत होता.

रेडिएशन संपलं आणि पाऊस लागला. गावाहून फोन यायला लागले. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, कुणासाठी थांबत नाही, पऱ्हे, म्हणजे रोपं, वर आले की लावावेच लागतात. विजू गेला. जाताना पाया पडला. मी हाडांचा सापळा होतो, नाकात नळी, गाल सुजलेला, मान काळी पडलेली. त्या दिवशी मी त्याला जसा दिसलो तसाच त्याच्या मनात राहिलो.

आणि तो गेल्यावर मी सुधारायला लागलो. डॉक्टरबाईंनी सांगितलेलंच होतं, रेडिएशन संपल्यावर काही दिवस आणखी वाईट जातात, मग हळूहळू वर येता. तसंच झालं. नळी निघाली. एका दुपारी मंगलाने मऊ भात कुस्करून त्यावर पातळ वरण आणि तूप घातलं आणि चमचा माझ्या हातात दिला. घास खाली उतरला. चव अशी आली नाही, पण तूप आहे हे कळलं. मुलगी दारात उभी होती, ती आत येऊन माझ्या शेजारी बसली. मंगलाने लगेच विजूला फोन लावला. तो बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात उभा होता, मागे बायांचं बोलणं ऐकू येत होतं. बरं झालं ताई, असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याने ऐकलं, पाहिलं नाही.

दुधात कुस्करलेली पोळी

भाऊबीजेला विजू आला. मंगलाने त्याच्या आवडीचं तिखटजाळ मटण केलं होतं. त्याने रस्सा बाजूला सारला आणि दूध मागून पोळी त्यात कुस्करली. मंगला वाढता वाढता थांबली. तोंड उघड म्हणाली. त्याने हसण्यावारी नेलं, म्हणाला की दाढ गालाला लागते, कुहीला एक काढूनही आलो, तिथलं भरून राहिलं नाही. मंगलाने ताट तसंच ठेवलं आणि त्याची हनुवटी धरली. गालात मागे पांढरा चट्टा, त्याच्या मधोमध खळगा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं, तुकडा घेतला, आणि उत्तर आल्यावर म्हणाल्या की लवकर आलात, गाठ लहान आहे, तुमच्या भाऊजींपेक्षा सोपं ऑपरेशन होईल. मला किती हायसं वाटलं. विजू खाली मान घालून ऐकत होता. धानाची कापणी आटोपतो आणि येतो, असं सांगून गावी गेला.

कापणी झाली, मळणीचा चुरणा झाला, धान विकलं गेलं. विजू आला नाही. फोन केला की घरचं दुसरंच कुणीतरी उचलायचं.

कुहीला

मग मीच गेलो. सासरे, मामाजी, अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी सांगितलं की गाठीले सुरीचं लोखंड लागलं का ती भडकते, म्हणून पोराले झाडपाला सुरू केला आहे. कुणी वैद्य होता, साल कुटून द्यायचा. मी म्हणालो, मला लोखंड लागलं की नाही, मी समोर बसलो आहे की नाही. ते म्हणाले, तुमचं नशीब जावईबापू.

विजू मला मागे खळ्याकडे घेऊन गेला.

"बाबाले बोलू द्या. लोखंडाचं मी मानत नाही."

"मग?"

"तुम्ही पाटीवर काय लिहिलं होतं, ध्यानात आहे?"

मी मान डोलावली.

"मी पुसलं. ताईले आजपर्यंत सांगतलं नाही. भाऊजी, मी पाह्यलं ना सगळं. तुम्ही तं गुंगीत होते. मी जागा होतो. मले जमत नाही जी."

मी खूप बोललो. तुझं लहान आहे, माझ्यासारखं होणार नाही, तुझ्या पोरीकडे बघ. माझं बोलणं अजून जरा बोबडं आहे, चिडलो की जास्तच. शेवटी म्हटलं, बोलून उपयोग नाही, ह्याला जेवून दाखवतो. त्याच्या बायकोला वरण-भात मागितला आणि एरवी माझं जेवण संपेपर्यंत उभा राहणाऱ्या विजूला समोर बसवलं. बघ, मी जेवतो. दोन घास नीट गेले. तिसऱ्याला खालच्या ओठाने दगा दिला, त्या बाजूला मला कळतच नाही. भात हनुवटीवरून ओघळला. विजूने काही विचार न करता खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझं तोंड पुसलं, वॉर्डात पुसायचा तसंच.

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मी ताट संपवलं. तो मला बसपर्यंत सोडायला आला आणि खिडकीतून संत्र्याची पिशवी दिली. मला संत्री झोंबतात हे तो विसरला असेल.

मंगला दोनदा गेली. एकदा रागावून आली, एकदा त्याच्या पाया पडून आली. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाच्या पाया पडणं, यावरून समजा. तो तिला दर वेळी हो म्हणाला. औषधाने ठणका कमी आहे म्हणाला.

उशीर

उन्हं तापायला लागली तेव्हा तो स्वतःहून आला. गाल बाहेरून फुटला होता. मानेत गाठी. पाणी प्यायला की गालातून यायचं. मंगलाने दार उघडलं आणि त्याला आत घेऊन त्याच्यासाठी गादी घातली.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि खुर्चीवर बसल्या. आता ऑपरेशन होणार नाही, दुखणं कमी ठेवायला थोडं रेडिएशन आणि गोळ्या देऊ, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "तेव्हा का नाही आलात?"

विजूने माझ्याकडे पाहिलं. त्याला बोलायला त्रास होत होता. "शेतीचं काम होतं, मॅडम," तो म्हणाला.

माझे हाल पाहून तो घाबरला होता, हे माझ्या वाट्याचं त्याने तिथे झाकलं. मला त्या खोलीत ओरडून सांगावंसं वाटलं की हा खोटं बोलतो आहे. मी कागद गोळा केले आणि त्याला धरून बाहेर आणलं.

दुखण्यावरच्या त्या गोळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण लोक त्यांना घाबरतात. त्यांनी त्याला झोप दिली. शेवटचे काही आठवडे तो ओरडला नाही, लेकीशी पत्ते खेळला, बायकोला शेतात यंदा कोणतं बियाणं टाकायचं ते सांगितलं. रोग हटत नाही तेव्हाही औषध असतं, एवढं मी त्याच्याजवळ बसून शिकलो. तो गावी घरीच वारला, पऱ्हे टाकायच्या दिवसांत, सकाळी चहाच्या वेळेला. मामाजी तेव्हा अंगणात बैलांना पेंढी टाकत होते. त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

तेरवी

तेरवीला मांडव भरला होता. पंगत उठल्यावर पुरुष मंडळी बोलत बसली. अडाण्यासारखं केलं, म्हणत होते. घरात एवढं उदाहरण असून. जावईबापू पहा, कसे ठणठणीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होते, आणि म्हणता म्हणता एकाने पुडी काढून घोटायला घेतली. मला भडकायचं होतं, पण त्या दिवशी माझ्यात ताकद नव्हती. मंगला पलीकडे भांडी उचलत होती. तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही प्रताप नगरात परत आलो. मंगलाने कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. मग पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"एक विचारू? खरं सांगा."

"विचार."

"आधी विजूले झालं असतं, अन् तुम्ही त्याच्यापाशी बसले असते, नळीतून दूध देल्लं असतं, त्याची मान पुसली असती. मंग तुमच्या तोंडात निघालं असतं. तं तुम्ही गेले असते का ऑपरेशनले?"

मला पटकन हो म्हणायचं होतं. मी खुर्चीत बसलो. दवाखान्याचा तो जिना आठवला, आणि माझ्या जागी विजू, त्याच्या जागी मी, असं करून पाहिलं.

"नसतो गेलो," मी म्हणालो.

मंगला खाली फरशीवर बसली आणि रडली. विजू गेल्यापासून ती रडली नव्हती. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "हे सांगा मंग लोकायले. माझा भाऊ अडाणी नव्हता म्हणून."

नव्हता. मी काही माहीत नसताना टेबलावर जाऊन पडलो, आणि त्याला सगळं माहीत होतं, एक सोडून. माझा पहिला घास त्याने पाहिला नव्हता. पेशंटच्या उशाशी जो बसतो त्याच्या पोटात भीती साठत जाते, आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही. तुमच्या घरीही असा कुणी असेल. भाऊ असेल, सून असेल. त्याचंही तोंड उघडून बघा. आणि पेशंटच्या घशाखाली पहिला घास उतरेल त्या दिवशी त्याला फोन करून भागवू नका, समोर बोलवा. रोवणा चालू असला तरी बोलवा.